वस्त्र-आरेखनाचे शिक्षण आणि परंपरागत विणकाम

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती तेथे लांबच लांब पत्र्याच्या इमारती उभ्या आहेत आणि देशभरातील दुकानांना व घराघरांना जाणारा माल त्यांतून रात्रंदिवस हलत असतो. या मालात कापड असते, साड्या असतात. काही अंतरावर भिवंडी शहरात यंत्रमागांची खटखट चालू असते. एका बाजूस कापड विणले जाते, दुसऱ्या बाजूस ते खोक्यांतून रवाना होते. परंतु त्या कापडावर काय असावे, कोणता रंग, कोणती नक्षी, याचा निर्णय बहुतांशी या दोन्ही ठिकाणी होत नाही. भिवंडीचे पुष्कळसे माग व्यापाऱ्यांच्या सुतावर मजुरीने कोरे कापड विणतात. रंगाई आणि छपाईसाठी ते बाहेर जाते, आणि कापडाची किंमत वाढते ती तेथे.

वस्त्र-आरेखनाचे, म्हणजे व्यवहारात ज्याला डिझाइन म्हणतात त्याचे, शिक्षण या भागातील मुलामुलींना मिळाले पाहिजे, असे म्हणणे या परिस्थितीत स्वाभाविक आहे. तशी मागणी पालकही करतात. तथापि हे शिक्षण कोणत्या प्रकारचे असावे, याचा विचार फारसा होत नाही. कागदावर सुंदर नक्षी काढता येणे म्हणजे वस्त्र-आरेखन, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. या समजुतीने विणकराचेही नुकसान केले आहे आणि विद्यार्थ्याचेही. पैठणीच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल.

पदराची उलटी बाजू

पैठणी आज मुख्यत्वे नाशिक जिल्ह्यातील येवले व परिसरात आणि पैठण येथे विणली जाते. पैठणला राज्य शासनाच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणीचे विणकाम व प्रशिक्षण यांसाठी केंद्र उभारले. खरी पैठणी ओळखण्याची जी खूण जाणकार सांगतात, ती म्हणजे पदर उलटून पाहणे. हाती विणलेल्या पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच दिसते. मोराच्या पंखाच्या मागे लोंबणारा किंवा कापलेला धागा नसतो.

याचे कारण विणण्याच्या रीतीत आहे. साध्या कापडात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत एकच आडवा धागा नेतो. पैठणीच्या पदरात तसे होत नाही. जेवढे रंग एका ओळीत शेजारी शेजारी येतील, तेवढ्या लहान लहान कांड्या विणकर हाताशी ठेवतो. प्रत्येक कांडीचा धागा आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. नक्षी कापडावर बसवलेली नसते; तो आडवा धागाच नक्षी असतो. पदराच्या जमिनीत जर असते आणि मोर, मुनिया, कमळ किंवा असावलीची वेल रेशमाच्या रंगांत उमटते.

जकार्डची रीत याहून निराळी आहे. फ्रान्समधील लियाँ येथे जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पाने ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरवतात. आज तेच काम संगणकाशी जोडलेली यंत्रणा करते. नक्षीचा जादा धागा कापडाच्या पूर्ण रुंदीत जातो. जेथे नक्षी नसते तेथे तो मागे मोकळा तरंगतो आणि पुढे बहुधा कापून टाकला जातो. म्हणून अशा साडीची मागची बाजू खरखरीत लागते. यात कमीपणा काहीच नाही. बनारसपासून सोलापूरपर्यंत जकार्डवर उत्तम काम झाले आहे आणि येवल्यातही काठासाठी जकार्डचा वापर होतो. अडचण निर्माण होते ती जकार्डचा पदर पैठणीच्या नावाने विकला जातो तेव्हा.

साधी पैठणी विणण्यास महिनाभर लागू शकतो. पदर भरगच्च असेल तर कित्येक महिने. यंत्रावर तेच चित्र काही तासांत उतरते. पैठणीला २०१०-११ मध्ये भौगोलिक उपदर्शन नोंदणी मिळाली. त्यापूर्वी १९८५ मध्ये काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्रीय कायदा झाला, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि राखीव प्रकारांची संख्या मात्र २२ वरून पुढे ११ वर आली. कायद्याचे संरक्षण आवश्यक आहे. परंतु ग्राहकाला, दुकानदाराला आणि प्रत्यक्ष आरेखन करणाऱ्यालाही ही दोन कामे वेगळी कशामुळे आहेत हे कळत नसेल तर नोंदणीचा शिक्का फार काळ पुरणार नाही. ही गोष्ट शिकवण्याची आहे.

कागदावरचा मोर

वस्त्र-आरेखनाच्या वर्गात सर्वसाधारणपणे चित्रकलेपासून सुरुवात होते. विद्यार्थी फुले-पाने रेखाटतो, त्यांची पुनरावृत्ती करतो, रंग भरतो, आणि शेवटी ते चौकटीच्या कागदावर उतरवतो. मागाची ओळख झालीच तर शेवटच्या सत्रात. हा क्रम उलटा करावा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

एक साधा हिशेब पाहू. समजा एका इंचात ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ८० आहेत आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, ६० बसतात. विद्यार्थ्याने चौरस घरांच्या कागदावर ८० घरे रुंद आणि ८० घरे उंच असा मोर काढला. मागावर त्या मोराची रुंदी बरोबर एक इंच भरेल. उंची मात्र सव्वा इंचाहूनही थोडी अधिक होईल. मोराचा बगळा होतो तो असा. पिढीजात विणकराला हे सांगावे लागत नाही. धाग्यांची दाटी त्याच्या हाताला माहीत असते. वर्गातील विद्यार्थ्याला ती चूक एकदा स्वतः विणून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर तो ती पुन्हा करत नाही.

दुसरा हिशेब कांड्यांचा. पदराच्या एका ओळीत एकच मोर आहे आणि त्यात अंग व पंख असे दोन रंग शेजारी आले आहेत असे धरू. डावीकडची जमीन, अंग, पंख, उजवीकडची जमीन: चार कांड्या लागल्या. दोन मोर असतील तर सात. आता आरेखनकाराला वाटले की मोराला डोळा हवा. ज्या ओळींत डोळा येतो तेथे अंगाचे दोन भाग होतात आणि मध्ये डोळ्याचा धागा येतो. एका मोरासाठी चाराच्या सहा कांड्या झाल्या, दोघांसाठी सातांच्या अकरा. डोळा केवळ दशांश इंचाचा असला तरी त्या सहा ओळींपैकी प्रत्येकीत विणकराला दहा ठिकाणी धागा अडकवून वळवावा लागतो. कागदावर तो एक ठिपका होता. ज्याने एकदा अकरा कांड्या हाताळल्या आहेत तो आरेखनकार डोळा कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये हे विचारपूर्वक ठरवील, आणि विणकराची मजुरी ठरवतानाही त्याला त्या सहा ओळी आठवतील.

तिसरी गोष्ट रेषेची. या विणीत आडवी रेषा सहज येते. तिरपी रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढते. सरळ उभी रेषा आली की प्रत्येक ओळीत त्याच जागी धागे अडकवावे लागतात, नाहीतर तेथे फट राहते. पैठणीतील मुनियाची चोच, कमळाची पाकळी, नारळी काठातील टोके यांना जो कोनयुक्त डौल आहे तो कोणा चित्रकाराच्या लहरीतून आलेला नाही. तो विणीने दिलेला आहे. नवशिका आरेखनकार त्या पायऱ्या 'सुधारून' गुळगुळीत वळणे काढू पाहतो; विणकर मान डोलावतो आणि आपल्या परीने पुन्हा पायऱ्या करतो.

मग परंपरागत म्हणून नेमके जपायचे काय? या प्रश्नाचे उत्तर विणीतच सापडते. धागे अडकवून वळवण्याची रीत, उलट-सुलट सारखी ठेवण्याची शिस्त, ताण्याचा एक आणि बाण्याचा दुसरा रंग घेऊन साधलेली धूपछाव, अंगापेक्षा वेगळ्या रंगाचा काठ जोडण्याची कडीयल पद्धत या गोष्टी एकदा हातून गेल्या की पुस्तकातून परत येत नाहीत. मोर मात्र बदलू शकतो. तो पूर्वीही बदलत आला आहे. कमळाचा अजिंठ्याच्या चित्रांशी संबंध जोडला जातो, काही वेलबुट्ट्यांत मोगल वळण दिसते, पुढे पेशवाईची व निजामाची आवडनिवड आली. प्रत्येक पिढीच्या विणकरांनी नव्या आकृती त्याच जुन्या रीतीत बसवल्या. आज आपण त्यांना सांगतो की फक्त बांगडी मोर विणा, कारण तोच परंपरागत. हे जतन नव्हे. विणकराकडून आरेखनाचा अधिकार काढून घेऊन त्याला केवळ मजूर बनवण्याची ती एक सभ्य रीत आहे.

येथे शिक्षकांसाठी एक सूचना. पैठणीची परंपरा दोन हजार वर्षांची असल्याचा पुरावा म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनाचा हवाला नेहमी दिला जातो. त्या ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे हे खरे. परंतु पैठणहून भडोचला जाणारा माल म्हणून तो गोमेदासारखे दगड सांगतो, आणि कापड सांगतो ते तगरचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील. त्याच ग्रंथात कल्याण बंदराचाही उल्लेख आहे, जे दापोड्यापासून दूर नाही. मुलांना हे जसे आहे तसे सांगावे. भिवंडीच्या शेजारचे बंदर आणि मराठवाड्याचे कापड एकाच व्यापारजाळ्यात होते, ही हकीकत पुरेशी आकर्षक आहे. तिला जर लावण्याची आवश्यकता नाही.

चित्रकार मागाजवळ बसला तेव्हा

आरेखन आणि माग एकत्र आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालेला नाही असे नाही. १९५६ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळाच्या विद्यमाने मुंबई व मद्रास येथे विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. त्यामागे पुपुल जयकर यांची दृष्टी होती. या केंद्रांचे वैशिष्ट्य असे की तेथे विणकर, रंगारी, छपाई-कारागीर आणि कलाशाळांतून आलेले चित्रकार एकाच छताखाली काम करीत. के. जी. सुब्रमण्यन यांनी मुंबईत हातमाग मंडळाच्या आरेखन विभागात काही काळ काम केले. कोकणातील नागावचे, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये वाराणसीच्या केंद्रात गेले आणि पुढे मुंबईच्या केंद्रात राहिले. ते आज भारतातील आधुनिक चित्रकारांत अग्रगण्य मानले जातात. या चित्रकारांनी विणकरांना काय दिले याची चर्चा होते. त्यांनी मागाजवळ बसून काय घेतले, याचीही व्हावयास हवी.

शेजारच्या राज्यांतील दोन उदाहरणे शिक्षणक्रमाच्या दृष्टीने उपयुक्त आहेत. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरला १९७८ च्या सुमारास होळकर कुटुंबीयांच्या पुढाकाराने 'रेहवा' ही संस्था निघाली आणि मंदावलेल्या हातमागांना काम मिळाले. तेथील काठांच्या नक्षीत किल्ल्याच्या व घाटाच्या दगडी कोरीवकामातील आकृती आहेत. म्हणजे नमुनापुस्तक गावातच उभे आहे. कच्छमध्ये २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय आणि २०१४ मध्ये सोमैया कला विद्या ही कारागिरांची विद्यालये सुरू झाली. ज्युडी फ्रेटर यांच्या या प्रयोगात एक व्यवहारी शहाणपण होते. वर्षभराचा अभ्यासक्रम दोन दोन आठवड्यांच्या भागांत विभागलेला असे. मधल्या काळात कारागीर घरी जाऊन आपल्या मागावर, आपल्या ठशांवर शिकलेले करून पाही. त्याचा रोजगार तुटत नसे आणि अभ्यासही प्रत्यक्ष कामातून होई. रंग, रचना, बाजारपेठ, मांडणी हे विषय तेथे होते. विणकाम किंवा बांधणी शिकवण्याचा तास नव्हता, कारण ते त्यांना येतच होते. आरेखन त्यांच्याकडे नाही असे गृहीत धरले नव्हते. त्याला शब्द आणि आत्मविश्वास देण्याचा प्रयत्न होता.

महाराष्ट्राकडे याहून जुनी ठेव आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. सूत कातणे व विणणे यांतून गणित, भूगोल, इतिहास शिकवावा, असा तो विचार होता. पुढे अनेक शाळांत टकळी राहिली आणि विचार सुटला. किती तार कातले याची नोंद होत गेली; त्या तारेतून कोणते गणित शिकवले याची विचारणा मागे पडली. नव्या प्रयत्नात तीच चूक होऊ नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

दापोड्यासारख्या गावी काय करता येईल

भिवंडीच्या मागांची परंपरा उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांच्या हातमागांपासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे यंत्रमाग आला. इचलकरंजीत तर तो १९०४ मध्येच आला होता आणि तेथे १९८२ मध्ये वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी मोठी संस्थाही उभी राहिली. भिवंडी परिसरातील मुलांनी उद्या पैठणी विणावी, असे येथे सुचवायचे नाही. ती येवल्याची व पैठणची उपजीविका आहे. भिवंडीच्या मुलाला आपल्या यंत्रमागासाठी स्वतःचे आरेखन करता यावे, आणि ते करताना दुसऱ्याच्या पदराची नक्कल करू नये इतकी जाण यावी, हा हेतू आहे. ती जाण हाताने विणूनच येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरविरहित दिवसांची आणि स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद सुचवलेली आहे. हे दहा दिवस या कामी लावता येतील. साहित्य अल्प लागते. सुतार हातभर लांबीची लाकडी चौकट करून देईल. वरच्या व खालच्या पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरला एक याप्रमाणे खिळे. यंत्रमागाच्या कारखान्यांत कांडीवर उरलेले सूत आणि तुटका ताणा वाया जातो. मागितल्यास तो मिळण्यास हरकत नसावी. केसांचा जाड कंगवा फणीचे काम करील. खराट्याच्या काड्यांवर सूत गुंडाळले की कांड्या झाल्या.

पहिले दोन दिवस पेन्सिल हाती देऊ नये. साधी वीण करावी, तिसऱ्या दिवशी दोन रंगांची सरहद्द विणावी आणि धागे न अडकवल्यास फट कशी पडते ते पाहावे. चौथ्या दिवशी प्रत्येकाने घरून आजीचे जुने लुगडे आणावे. नऊवारीचा काठ किती बोटे, चौकडीतील पट्टे कोणत्या क्रमाने, पदर कोठे सुरू होतो, हे मोजून वहीत लिहावे. या भागातील आगरी व कोळी घरांत अशी चौकडीची लुगडी अद्याप ट्रंकेत सापडतील. हे मोजमाप म्हणजे आरेखनाचा पहिला पाठ. तो चित्रकलेच्या तासापेक्षा गणिताच्या तासाला जवळचा आहे. त्यानंतरच भाताची लोंबी, खाडीतील होडी, बगळा यांपैकी जे मुलाला हवे ते कागदावर यावे, तेही चौकटीवरील धागे मोजून आखलेल्या घरांत. शेवटचे दिवस ते विणण्यास लागतील आणि पुष्कळांचे अपुरे राहील. राहू द्यावे.

शिकवणारा कोण, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कलाशिक्षकाने वर्ग सांभाळावा. पण वीण दाखवण्यास विणकर हवा. भिवंडीत हातमागावर बसलेली पिढी आता थकली आहे, तरी यंत्रमागावरचा अनुभवी जॉबर ताण्याबाण्याचे गणित कोणत्याही पुस्तकापेक्षा नीट सांगू शकतो. त्याला पाहुणा म्हणून हार घालून भाषण करावयास लावू नये. त्याला शिक्षक म्हणून बोलवावे आणि दिवसाचे मानधन द्यावे, निदान त्याची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही इतके. ग्रामपंचायतीने ही रक्कम आणि एक कोरडी खोली एवढी सोय केली तरी पुरे. मुलींचा सहभाग यात आपोआप वाढेल. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातील सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आढळल्या. यंत्रमागाच्या पाळ्यांत मात्र स्त्री क्वचितच दिसते.

यानंतर एखादी सहल येवल्यास जावी. तेथे विणकराच्या घरी माग पाहताना मुलांनी विचारायचे प्रश्न आधी लिहून न्यावेत: एका इंचात धागे किती, या ओळीत कांड्या किती, हा पदर कोणी ठरवला, याची मजुरी किती मिळते. शेवटचा प्रश्न विचारण्यास शिक्षक संकोचतात. मुले संकोचत नाहीत.

शाळेत एक जाड नमुनावही ठेवावी. प्रत्येक विणलेला तुकडा, पुरा असो वा अर्धा, तीत शिवावा. चिकटवू नये, कारण चिकटवल्यास उलटी बाजू पाहता येत नाही. शेजारी सुताचा प्रकार, उभ्या व आडव्या धाग्यांची संख्या, लागलेले तास आणि विणणाऱ्याचे व शिकवणाऱ्याचे नाव लिहावे. पुढच्या वर्षीच्या वर्गाने ती वही उघडून सुरुवात करावी.